यादी मागितली होती

शाळेतून मुख्याध्यापिकाबाईंचा निरोप आला :
नवीन सत्रासाठी कादंबऱ्यांची यादी पाठवा,
आठवी ते दहावी, प्रकारानुसार, पाच रकाने,
शुक्रवारपर्यंत.
मी पट्टीनं रेघा मारल्या.
कूलरचं पाणी वाळ्याच्या ताट्यांतून टपटपत होतं
आणि बाहेर सक्करदऱ्याचा रस्ता
सत्तेचाळीस अंशांत एकटाच पडला होता.

पहिला रकाना : रहस्य.
इथे पुस्तकाआधी प्रज्वल मेश्रामचंच नाव आलं हातातून.
आला होता तो निव्वळ कूलरसाठी.
"वाचत नाही मी, म्याडम. बसतो फक्त."
बस बाप्पा, म्हटलं, आणि पुढ्यात सरकवली
ती, जिच्यात पोस्टमनच्या पिशवीत
रोज एक पत्र जास्त निघतं.
साडेपाचला शटरला हात घातला तर ओरडला,
"थांबा ना हो! आताच उघडून राहिला तो!"

भयकथेत एकच लिहिली. विहिरीची.
शेवटची नऊ पानं कुणीतरी फाडून नेलेली,
छापणाऱ्याचं दुकानही आता उरलं नाही.
मलपृष्ठाच्या आत मुलांनी पेन्सिलीनं शेवट लिहिलेत.
एकात भूत काटोलला मामाकडे निघून जातं.
एकात ते दहावी नापास होतं,
मग विहिरीबाहेरच येत नाही.
एका कोपऱ्यात, बारीक अक्षरात :
मला माहीत आहे. सांगणार नाही.
हे अक्षर कुणाचं, ते मी ओळखते.
मीही सांगणार नाही.

प्रेमाची कादंबरी ओजस्वी धकातेनं
भावाच्या कार्डावर नेली,
भौतिकशास्त्राच्या गाइडचं कव्हर चढवून.
परत आली तेव्हा एकशे बारावं पान
कोपऱ्यात इतकं मऊ झालेलं
की रात्री कुलूप लावायच्या आधी मी उघडून बघितलं.
दोघं सायकलची उतरलेली चेन बसवतात.
हात काळे होतात.
बस्स. तेवढंच.
मी उभ्याउभ्या दोनदा वाचलं.

ऐतिहासिक जाडजूड आहेत, पाच-सहा.
एक कूलरच्या पायाखाली आहे,
ती यादीत घालू की नको?

अंतराळयानाची निनाद पराते दोन दिवसांत परत घेऊन आला.
गोळीबार चौकातला त्याच्या वडलांचा माग
त्याच महिन्यात भंगाराच्या भावानं गेला होता.
म्हणाला, "यानात सगळेच इंजिनीअर हो.
तीनशे वर्षं चाललं आहे ते यान.
मग कपडे कोण विणून राहिलं त्यांचे?"
तेव्हापासून शोधते आहे
ती कादंबरी, जिच्यात यानावर एक माग असेल.
अजून कुणी लिहिलेली नाही.
निनाद, तू तरी लिही बाबा.

रकाने संपले आणि हर्षाली आठवली.
मारबतीच्या दुसऱ्या दिवशी आली होती ती,
गल्लीत अजून गुलाल होता, ढोलाचे कान बसलेले.
भाऊ जाऊन तिचा महिना झाला नव्हता.
"असं काही आहे का,
ज्यात शेवटी कुणीच शहाणं होत नाही?"
एक दिली. दुसऱ्या दिवशी टेबलावर आणून ठेवली.
"यात कळतं त्याला सगळं, शेवटी."
दुसरी दिली. तीही परत.
मग घरून आणली माझी,
शिक्का नसलेली, पाठीला डिंक लावलेली,
जी मी तिच्या वयात गादीखाली ठेवायची.
ती परत आलेली नाही.
रस्त्यात भेटते हर्षाली, हसते,
मी पुस्तकाचं काढत नाही.

शुक्रवारी यादी गेली.
पाच रकाने, वीस नावं, खाली माझी सही.
त्याच पाकिटासोबत समितीला एक बिलही पाठवलं :
पेन्सिली, नग तीन.
भुताच्या पुस्तकाला दोऱ्यानं बांधलेली
संपत आली होती.