हीट नंबर

तिमाहीअखेरचा शुक्रवार. टिळकवाडीतलं आमच्या फंडाचं ऑफिस,
पंखा, तीन खुर्च्या, भिंतीवर पडदा.
पडद्यावर अकरा पानांचं टिपण :
उद्यमबागच्या हंजे फाउंड्रीत साडेचार कोटी घालावेत काय.
खाली चौकटी.
मसुदा : यंत्र, सकाळी अकरा बेचाळीस.
तपासणी : प्रणोती कंग्राळकर.
मंजुरी : रिकामी.

ऑडिटरचा नवा नियम आहे,
कुठलं वाक्य कुणाचं ते रंगावरून कळलं पाहिजे.
यंत्राचं निळं, माणसाचं काळं.
मी पानं सरकवत गेले.
निळं. निळं. परत निळं.
सातव्या पानावर एक काळा ठिपका दिसला,
पूर्णविराम.
तो माझा.

ईरण्णा मुचंडी म्हणाले, छान लिहिलंय की मॅडम.
मी म्हटलं, माझं नाही ते.
मग कुणाचं?

आमच्याकडे आडनावाला गाव असतं.
येळ्ळूरचे येळ्ळूरकर, कंग्राळीचे आम्ही.
गाव कुठल्या राज्याचं यावर कागदांचे गठ्ठे चढले,
बसवरच्या पाट्या बदलल्या,
नावामागचा ‘कर’ तेवढा कुणी सोडला नाही.
‘मागणी स्थिर, जोखीम मध्यम’ म्हणणाऱ्याला
मी कुठल्या स्टॉपवर उतरवू?

बाबा बत्तीस वर्षं साच्यावर होते.
पंपाची बॉडी निवली की तिच्या पोटावर उठलेला आकडा
अंगठ्यानं पुसून बघायचे.
हीट नंबर.
उद्या हुबळीत, कोइमतूरात, कुठेही तडा गेला
की नंबरावरून दिवस, दिवसावरून पाळी,
पाळीवरून माणूस.
एकदा नंबर फिरत फिरत त्यांच्यापाशी येऊन थांबला.
महिनाभर पगार कापून आला घरी.
वाळू ओली होती, असं ते कुणाला बोलले नाहीत.
होती खरं तर.

चौकटीतल्या माझ्या नावावर बोट ठेवलं
तर आत आणखी एक चौकट उघडली. मला माहीतच नव्हती.
काकतीचं शीतगोदाम, एकोणीस पानं :
उघडलं चार दहा, तीन सेकंद.
तपासलं चार दहा, बारा सेकंद.
त्याच्या आधीचं टिपण सहा सेकंदांत.
त्या दिवशी धाकट्याला ताप होता,
किंवा गॅसवाला आला होता, काहीतरी होतंच.
त्याला इथे रकाना नाही.

मुचंडी म्हणाले, इरली बिड्री, कोण बघतंय.
मी बैठक सोमवारवर ढकलली.

हंज्यांनी चहा मागवला. भट्टीकडे बघून मागवला
असं मला वाटलं, ती गार होती.
मी हीट रजिस्टर मागितलं.
मार्चात दोनशे बारा हीट, एप्रिलात एकशे चाळीस,
मेच्या पानावर एकतीस, पुढे कोरं.
शेवटचा आकडा पेन्सिलीनं.
बाई, तुमच्या यंत्राला ताळेबंद पाठवला होता,
हे कुणी विचारलंच नाही, ते म्हणाले,
आणि बशी माझ्याकडे सरकवली.
खोटं बोलत नव्हते.

रात्री बाबांचा फोन. जेवलीस काय? काय करुलीस?
लिहितेय म्हटलं. किती?
दोन ओळी.
दोन ओळींना एवढा वेळ?

सोमवारी हुंदरेसाहेबांनी चष्मा वर केला.
हे काळं वाक्य तुझं?
माझं.
फाउंड्रीत तू गेलतीस?
गेलते.
ते काही बोलले नाहीत. मंजुरीची चौकट तशीच राहिली.
हंज्यांकडे साठ माणसं आहेत.
त्यांचंही काहीतरी आता माझ्या नावावर लागलं असेल.

सगळे गेल्यावर काकतीचं टिपण परत उघडलं.
पैसे केव्हाच गेलेत तिथे, छप्परही चढलंय.
शेऱ्याच्या जागी दोन शब्द टाइप केले :
न वाचता.

रंग आपोआप काळा आला.