मागचं इंजिन

भाच्यानं धाडलेला खोका उघडला तर
आत इंजिन नव्हतंच.
पितळेचा पत्रा, पापडाएवढा पातळ,
त्यावर कोरलेली दारं, खिडक्या, पायऱ्या,
सगळी एकमेकांना बारीक देठांनी धरून.
"तोडायचं आणि जोडायचं," हे म्हणाले,
आणि जेल रोडच्या आमच्या घरात
जेवणाचं टेबल गेलं ते गेलंच.

माझा भुवयांचा चिमटा गेला.
चहाची जुनी गाळणी गेली.
फोडणीच्या वासात नवसागराचा वास,
जणू कल्हईवाला दिवाणखान्यात बसलाय.

नोटांच्या छापखान्यात मी बत्तीस वर्षं दोष शोधले.
वाकडा अंक, पुसट रेघ, सुटलेला धागा.
निवृत्तीला घड्याळ मिळालं,
डोळे मात्र कुणी परत मागितले नाहीत.
म्हणून मला दिसलं,
डाव्या अंगाला रिवेट एकेचाळीस,
उजव्या अंगाला चाळीस.
यांनी भिंग घेतलं. मोजलं. पुन्हा मोजलं.
दोन दिवस बोलले नाहीत.
तिसऱ्या दिवशी सुईनं, पाठीमागून,
एक टिंब उठवलं.

बफर चारातले तीनच निघाले.
चौथा जुन्या नाशकातून,
गजाभाऊ तांबटांकडून.
"घंगाळ नाही, घागर नाही,
हे काय आता, भातुकली?" म्हणाले,
आणि मोडक्या समईच्या फिरकीतून कातून दिला.
पैसे घेतले नाहीत.
गाडी चालेल तेव्हा बोलवा, एवढंच.
(अजून बोलावलेलं नाही. त्याचा मला राग आहे.)

डबे माझ्याकडे आले.
खिडक्यांना काचा डकवता डकवता
मी नेहमीची गोष्ट काढली.
चारूला घेऊन कल्याणहून येत होते,
चाळीस दिवसांची होती,
कसाऱ्याला मागून असा धक्का बसला
की अख्खा चहा दुपट्यावर,
आणि मी ओरडले, कोण मेला इंजिन लावतोय!
तेहेतीस वर्षं सांगतेय,
बारशांत, लग्नांत, चारूच्या सासरीसुद्धा.
हे दर वेळी हसतात.

त्या दिवशी हसले नाहीत.
सोल्डरिंगची दांडी बाजूला ठेवली.
"मी," म्हणाले.
"मी काय?"
"तो मेला."

ड्यूटी ऐनवेळी बदलली होती.
बोगद्यामागून बोगदा, अख्खा थळ घाट,
तुमच्या मागे मीच.
इगतपुरीला सुटलो, तुम्ही पुढे गेलात.
मागच्या इंजिनाकडे कोण वळून बघतं?
आणि घरी आलो
तर तू शेजारणीला तेच सांगत होतीस,
इतकं रंगवून,
की मध्ये बोलवेना.

पुढची काच मी तिरकी डकवली.
दोष आहे. दिसतो.
काढणार नाही.

सदतिसात एक, असा घाटाचा चढ.
मीटरभर फळीला सत्तावीस मिलिमीटर.
देवापुढचा पाट बरोबर तेवढा निघाला,
देव सध्या चौरंगावर आहेत.
पण इंजिन हलकं, चाकं जागच्या जागी भिरभिरायची.
मी कपाटातून डबी काढली,
बंद झालेल्या पावल्या,
कुठल्या दुकानात आता कुणी घेत नाही.
एकेक त्याच्या पोटात ठेवत गेले.
अकराव्या पावलीला चाकांनी रूळ धरला.

चढलं.

वर पोचल्यावर हे नखानं कपलिंग सोडवतात
आणि इंजिन मागे घेतात, खाली, घाईघाईनं,
जसं काही कसाऱ्याला दुसरी गाडी खोळंबलीय.
पुढचं इंजिन अजून आणलेलंच नाही.
डबे आपल्या जोरावर घरंगळत येतात,
तिरक्या काचेचा सगळ्यांत पुढे.

टेबल संपतं तिथे
मी ओंजळ धरून.