रिकामा म्हणजे किती

भोसरीतलं आमचं शेड. मागच्या अंगाला स्टोअर,
एक पंखा, एक वजनकाटा, एक मी.
वहीला सहा रकाने. शेवटच्यावर
माझ्या आधीच्या स्टोअरकीपरच्या तिरक्या अक्षरात:
रिकामे.

अकरा वर्षं मी त्या रकान्यात
स्प्रेचे डबे मोजले.
बिजागरीला एक फवारा, साखळीला दोन,
गंजल्या नटाला तीन आणि वर एक शिवी.
निम्मं तेल लोखंडाला, निम्मं हवेला.
दुपारच्या चपातीलासुद्धा त्याची चव असायची,
आणि आम्हाला वाटायचं, चपातीची चव अशीच असते.

महिन्याला साठ. पोतं भरलं की
रज्जाकभाईचा टेम्पो,
तो आला नाही तर कंपाउंडमागचा उकिरडा.

मग पौषातली ती पहाट.
वॉचमन गेनबांनी हात शेकायला पुठ्ठे पेटवले.
पुठ्ठ्यांत एक डबा होता.
माझ्या वहीतला. रिकामा.

डावी भुवई गेली त्यांची. डोळा वाचला.
भुवई परत आली ती पांढरी.
"एवढी एकच म्हातारी झाली बघा," म्हणतात,
आणि मलाच चहा विचारतात.

त्या दिवशी मी पोतं ओतलं आणि साठही डबे तोलले.
सगळ्यात हलका शहाण्णव ग्रॅम.
सगळ्यात जड दोनशे दहा;
तोंड चोंदलं म्हणून कुणीतरी फेकलेला, पोटात तेल तसंच.
शहाण्णवचा दाबला, तर तोही
फुस्स करून काहीतरी बोलला.
सगळ्यांना मी एकच नाव दिलं होतं.

कुर्तकोटी साहेबांपुढे कागद ठेवला:
साहेब, आपण विकत घेतलेलं तेल फेकतोय.
पैशाची गोष्ट त्यांना लगेच कळली,
भुवईची जरा उशिरा.

मोमीनचाचांनी माळ्यावरून
चोचीची तेलबुधली काढली, उमेदवारीच्या काळातली.
अंगठ्याने बूड दाबलं: टक्.
एक थेंब. हवा तिथेच.
पोरं हसली. फवाऱ्याला ऐट असते,
थेंबाला नेम लागतो.
आठवड्याने त्यांच्यातलाच एक हळूच येऊन म्हणाला,
ताई, ती बुधली अजून एक आहे का?

उंचावरच्या साखळीला अजूनही स्प्रेच लागतो,
तिथे चोच पोचत नाही. तो मी देते.
पण जुना हातात आला की नवा हातात,
वजन करून, सही घेऊन.
खिळा मारून भोक पाडायचं नाही, जाळायचं नाही,
हे मी दारावर खडूने लिहिलंय;
पावसाळ्यात पुसतं, पुन्हा लिहिते.

परत आलेले झाकणाच्या पिंपात,
वेल्डिंगपासून लांब, सावलीत.
तेलकट चिंध्यांचं पिंप वेगळं.
तीन महिन्यांनी परवान्याची गाडी येते,
ड्रायव्हर पावती फाडतो, मी ती वहीला टाचते.
रज्जाकभाई दोन दिवस रुसले.
मग म्हणाले, बरं झालं, बेटी,
गोदामात माझा नातू झोपतो.

मागच्या महिन्यात चौदा.
चौदा म्हणजे शून्य नाही, मला ठाऊक आहे.
रकान्याचं नाव खोडून मी लिहिलंय: परत आलेले.
खालचं रिकामे अजून वाचता येतं.

गुरुवारी भोसरीत लाइट नसते.
सगळी मशिनं गप्प असतात, तेव्हा हिशेब जुळवायला मी येते.
गेनबा पिंपाशी उभे असतात, झाकणाकडे मान कलती करून.
"बोलतंय का काही?"
मीही ऐकते.
उन्हं सरकून पत्र्याच्या कडेवर आलेली,
पत्रा तापून एकदा टिक् करतो.
आम्ही दोघं मिळून
पिंप वीतभर आत ओढतो.