मावा

तबकडी पंचेचाळीसची, मधलं भोक मोठं,
म्हणून आबांनी बुचाचा चकता कातून बसवलेला.
लक्ष्मीपुरीतलं आमचं दुकान, आठ बाय दहा,
रेडिओ, पंखे, इस्त्र्या,
आणि वरच्या फळीवर ही एकच वस्तू
जी विकायची नव्हती.

सैनिक टाकळीच्या हवालदार खोंद्रेंनी दिलेली.
एकसष्ट साली निळी टोपी घालून काँगोत गेले,
परतले ते हिवताप, एक पितळी थाळी
आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला हा माणूस घेऊन.
लेबलावर नाव होतं, हिलेर बोकुंगा.
आबांनी अक्षर अक्षर जोडून त्याचे केले
हिलरबुवा.

पहिली दोन मिनिटं बुवा नुसता विनवायचा.
एकच शब्द पुन्हा पुन्हा वर यायचा, मावा.
मावा, मावा, मग लांबवलेला मा... वा...
समोरून पानपट्टीवाला रमजान बागवान ओरडायचा,
"आलो गा बुवा! चुना जास्त लावू का बेताचा?"
दुकान हसायचं. आबा हसायचे.
मी चड्डीतला, मोठ्यांचं बघून हसायचो.

मग गिटार धाव घ्यायची.
गंगावेशीचा साताप्पा आवळे, हलगीवाला,
एकदा काउंटरला टेकून ऐकत राहिला.
बोटं उचलली, टेकवली नाहीत.
"हे बोट माझ्याकडं न्हाई," म्हणाला
आणि बिडी न पेटवताच गेला.

आबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी
बावड्याच्या कॉलेजातली एक पोरगी आली,
लॅपटॉपचा चार्जर घेऊन. ग्रासिया. किन्शासाची.
तिची मराठी मंडईपुरती, माझं हिंदी गॅरेजपुरतं.
तबकडी लावली, आपली पाहुणचार म्हणून.
तिनं तोंडावर हात ठेवला.

"मावा म्हणजे..." शब्द शोधत राहिली.
"दुःख. नाही. कीव.
दुसऱ्याचं बघून इथं होतं ते."
बरगडीखाली बोट टेकवून दाखवलं.

तेव्हा आठवलं,
खोंद्रे हवालदार कधीच हसले नव्हते.
मावा आला की ते रस्त्याकडं बघायचे.
तो शब्द त्यांनी तिकडं कुणाच्या तोंडून ऐकला
हे आम्ही विचारलं नाही.

मी तारेला डाग देत होतो, ती सांगत होती,
आजीकडून आलेलं, तुकड्या-तुकड्यानं.
धक्क्यावर आई मासे भाजून विकायची.
हा बेल्जियन साहेबांचे शर्ट इस्त्री करायचा.
रात्री नऊनंतर गोऱ्यांच्या वस्तीत थांबायची बंदी,
म्हणून धावत घरी, धावत बारमध्ये, धावत माइकपाशी.
एक शर्ट त्यानं परत केलाच नाही.
तोच घालून पहिली रेकॉर्ड गायला.

स्वातंत्र्य आलं. बँड फुटला.
चौघं नदीपलीकडं, म्हणजे दुसऱ्या देशात,
आणि रात्री पाण्यावरून त्याचीच गाणी ऐकू यायची.
मग हुकूम निघाला, ख्रिस्ती नावं टाका.
हिलेर गेलं.
राष्ट्राध्यक्षाच्या वाढदिवसाला गायला, मोटार मिळाली.
पुढच्या वर्षी नाही गायला, मोटार गेली.
कॅसेटवाल्यांनी त्याला चोरून विकला, भरपूर विकला.
साखरेनं एक पाय नेला.

शेवटी लग्नांत गायचा, खुर्चीत बसून.
गिटारची धाव आली, माणसं नाचायला उठली,
की दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरायचा.
"आजी म्हणते, तेव्हा आम्ही त्याच्याकडे बघायचो नाही.
जोरात नाचायचो.
बघितलं असतं तर तो थांबला असता."

चार्जर चालू झाला.
पैसे नको म्हटलं तर टेबलावर ठेवून गेली,
वर पक्कड ठेवली, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून.

रस्त्यापलीकडं आता रमजानचा पोरगा बसतो.
बापाच्याच सवयीनं त्यानं हाक दिली,
"बुवाला किती पुड्या बांधू?"

मी सुई उचलली,
पहिल्यापासून ठेवली.
"इकडं ये," म्हटलं.
"ऱ्हाऊ दे गिऱ्हाईक. ये जरा."