खुबे

कुशीवर निजवलेल्या माणसाचं कंबरडं
टेबलावर कधीच सरळ नसतं.
पुस्तकात याला एक ओळ आहे.
मला नऊ वर्षं लागली, कुडाळात.

वाटी चाळीस अंश कलती,
तोंड पंधरा अंश पुढे,
पाच-दहा इकडेतिकडे चालतं.
त्या चौकोनात ठोकली की निभावतं म्हणतात.
तो चौकोन ज्यांच्यावरून आखला
ती माणसं खुर्चीवर बसून जेवत होती.

येसूबाई मेतर, कालावलची, वय बासष्ट.
उखळीतला चेंडू अळंबीसारखा चपटा.
“तुमचा खुबा झिजलाय,” म्हटलं,
तर दुखण्यातही हसली.
“खुबे खाडयेत असतत, बाय. ह्यो माजो पाय.”

दोन फोटो काढले, उभ्याने आणि बसून.
बसताना माणसाची कंबर मागे लवते,
वाटीचं तोंड आपसूक उघडतं.
हिची लवलीच नाही.
चाळीस वर्षं चिखलात वाकून वाकून
कणा वाशासारखा ताठ,
सगळं वाकणं त्या एका सांध्यावर.

म्हणून पंधराचे मी तेवीस केले.
कमी दिलं तर बसताना मागून निखळेल,
जास्त दिलं तर उभ्याने वळताना पुढून.
हातोडी हातात असते तेव्हा
हे दोन्ही एकाच वेळी खरं असतं.

चेंडू आत गेला. टक्क.
पाय वाकवला, आत वळवला.
नव्वदला राहिला. शंभरला राहिला.
एकशे दहाला मी थांबले.
भूल देणारे नाबर म्हणाले, “आणखी कशाला?
घरी कमोड आहे ना?”
मी विचारलंच नव्हतं.

सहा आठवड्यांनी फॉर्म.
जिने चढता येतात? घराला दोन पायऱ्या.
पायमोजे स्वतः घालता येतात?
सहज, कष्टाने, अजिबात नाही.
“हयात नाय घातलंय,” म्हणाली.
रकाना रिकामा ठेवला तर संगणक पुढे सरकत नाही.
मी ‘सहज’ दाबलं.

मग तिने विचारलं, पाय लांब कसो झालो?
मोजला. सहा मिलिमीटर.
तपासायच्या खाटेवर उठून बसत
माझ्याकडे तिने अशी नजर टाकली
की मी शिंपीण असावी:
“वाढत्या अंगाचो शिवलंस गो.”
पुढच्या खेपेला दुसऱ्या चपलेखाली
चांभाराकडून रबराची पट्टी लावून आली.
मला दाखवली नाही, मीच पाहिली.

मांडी घालायची नाही.
उकिडवं बसायचं नाही.
चिखलात उतरायचं नाही, अजिबात.
तिने तिन्हीला मान हलवली,
देवळात गुरवाच्या गाऱ्हाण्याला हलवतात तशी.

आठव्या महिन्यात पिशवी घेऊन आली,
खालून पाणी ठिबकत होतं.
“खुबे. सुनेन काढल्यान.”
पिशवी मावशीकडे दिली आणि खाटेवर वळली.
व्रण छान भरलेला, फिकट, सरळ.
त्याच्या खालच्या टोकाशी
वाळलेल्या चिखलाची एक राखी रेघ,
घाईत धुवायची राहिलेली.
तिथवर चिखल लागायला
माणसाला पुरतं खाली बसावं लागतं.

ती पालथी, मी तिच्या पाठीशी.
दोघीही काही बोललो नाही.
फोटो काढला. वाटी जागच्या जागी, तेवीस.
फॉर्ममध्ये पुन्हा पायमोजे.
पुन्हा सहज.

रात्री खुबे मिठाच्या पाण्यात घातले,
रेती सोडू देत म्हणून.
झोप येईना.
स्वयंपाकघरातून मधूनच, अंधारात,
एखादा मिटायचा.
टक्क.
दर वेळी मी फोनकडे पाहिलं.