तिसऱ्या बेसजवळ

अकराशे बारा विजय, असं फलकावर कोरलंय.
फलक चुकीचा आहे. अकराशे अकरा.
कोच ऑर्व्हल टिबेट्स स्वतःच सांगायचे:
एक्क्याऐंशी सालचा तो एक सामना
अंधार पडला म्हणून पंचांनी आम्हाला देऊन टाकला,
तो धरू नका.
कॉलेजने धरला.
देणगीदारांना सम आकडे आवडतात.

चौतीस वर्षं पहाटे साडेपाचला
जुन्या पिकअपमागे लोखंडी जाळी बांधून
ते माती ओढत राहिले, गोल गोल,
ओक्लाहोमाची तांबडी माती,
जी मोज्यांतून कधी निघत नाही.
कुंपण दोनदा वादळात गेलं.
बायको गेली ती मे महिन्यात, स्पर्धेच्या आठवड्यात.
दोन सामने त्यांनी चुकवले.
तिसऱ्याला आले,
पायात अजून अंत्यविधीचेच काळे बूट.

सात पोरं मोठ्या लीगमध्ये पोचली.
त्यांच्याबद्दल विचारलं की कोच म्हणत,
ती तशीही पोचली असती.

मी पोचणाऱ्यांतला नव्हतो.
'वेंडेल, पाय चांगले, हात भिकार,'
म्हणून मला फक्त पळण्यापुरता उतरवायचे.
खुणा मात्र पाठ होत्या:
टोपी, पट्टा, मनगट, छाती, सगळं खोटं,
कानाला हात लागला तरच खरं.
तेव्हा चोरायचा बेस, मागे न बघता.
पाद्र्याच्या मुलाला चोरी शिकवतोय,
असं म्हणून एकटेच हसायचे.

शेवटच्या सीझनला त्यांचा उजवा हात खिशात असायचा.
आम्हाला वाटलं, मार्चचा वारा.

नववी इनिंग. एका धावेने मागे. पहिल्या बेसवर मी.
हात खिशातून निघाला, टोपीपर्यंत गेला,
आणि उतरताना
कानाला लागला.
किंवा कानापाशी नुसता थरथरला.
मी पळालो.

बॉल माझ्याआधी पोचला होता,
चांगला दोन हात आधी.
सामना संपला, सीझन संपला,
चौतीस वर्षंही तिथेच, त्या धुळीत, संपली.

वार्ताहर पेन्सिल घेऊन आला तेव्हा
मी जवळच बुटांची नाडी सोडत बसलो होतो.
'खूण माझी होती,' कोच म्हणाले.
'पोराने बरोबर वाचली.'
बसमध्ये कुणी बोललं नाही.
पेट्रोल पंपावर त्यांनी मला शेंगदाण्याची पुडी दिली,
पैसे मागितले नाहीत, हे नवलच.

आता रविवारी जातो त्यांच्याकडे.
वृद्धाश्रमाच्या खिडकीतून पार्किंगच दिसतं.
मी पीचच्या फोडी करून भरवतो,
ते कधी मला वेंडेल म्हणतात, कधी दुसरंच काही.
हात मात्र थांबत नाही:
छाती, मनगट, गळ्याशी रुमाल,
मग वर, अजून वर, कानाच्या पाळीपर्यंत.

काटा बशीत ठेवून
मी खुर्चीत जरासा पुढे सरकतो,
टाचा उचलून.