दोन शेड उजळ

लक्ष्मीपुरीत माझं फ्लेक्सचं दुकान.
कोल्हापुरात वाढदिवस कुणाचाही असो,
दादांचा, आबांचा, तालमीतल्या नव्या पोराचा,
रात्री दोनपर्यंत माझं मशीन घरघरतं.
जोडलेले हात, गॉगल, मागं उगवता सूर्य,
खाली शुभेच्छुकांची सत्तावीस डोकी.
आणि प्रत्येक जण दारातून वळून सांगतो,
"तेवढं जरा उजळ करा."
करतो.
बोटाला सवय आहे, पट्टी उजवीकडं सरकवायची.
दोन शेड. तीन मागितल्या तर तीन.

घरी मात्र मी वेगळा बाप.
ताटावर फोन नाही.
आठ वाजता टीव्ही बंद, शरोन चटई टाकते,
एक गीत, एक अध्याय, मग प्रार्थना.
परवा हन्नानं आमेन म्हटलं
आणि त्याच सुरात, श्वास न घेता,
"आवडलं तर सबस्क्राईब करा."
शरोन हसली. मी पासवर्ड बदलला.
अर्धा तास सांगत बसलो,
डोळ्यांवाटे काय काय आत शिरतं,
आणि शिरलं की भाडं न देता कसं राहतं.
आठ वर्षांची हन्ना चटईची काडी ओढत होती.

बुधवारी प्रार्थनेची पाळी तिची.
आजोबांचा गुडघा, शेजारच्या काकूंची म्हैस,
रंकाळ्यावरचं लंगडं कुत्रं, गणिताची टेस्ट,
सगळं नीट मागून झालं.
मग आवाज खाली आणून,
उधारी मागताना आणतात तसा,
"आणि देवबापा, नाताळापर्यंत मला गोरी कर."

मी डोळे मिटलेलेच ठेवले.
आत गुन्हेगारांची यादी काढत होतो.
क्रीमची जाहिरात, ती गाणी,
फोनमधली ती मुलगी, जी रोज तोंड धुऊन दाखवते,
ज्या बहिणीनं फोन दिला, तीसुद्धा.

"कुणी शिकवलं हे?"
"तुम्हीच की."

"चर्चच्या फाटकावरचा बोर्ड, पप्पा,
शब्बाथ शाळेचा. आम्ही सगळे देवदूत.
शामुवेल म्हणाला, यात तू कुठं हाईस?
मी बोट लावून दाखवलं.
तर मावशी म्हणाली, किती छान दिसतीस,
आता अशीच राहा."

कुणी सांगितलंही नव्हतं त्या रात्री.
पंधरा लेकरं, पंधरांची पट्टी
मी आपणहून सरकवली,
जांभई देत.
आणि त्याच रविवारी याच पंधरांना
प्रतिरूप या शब्दाचा अर्थ
मीच फळ्यावर लिहून दिला होता.

रात्री मूळ फाईल उघडली.
पुठ्ठ्याचे पंख, कानामागं तेलाचा ओघळ,
पडलेला दात,
आणि तो रंग, ज्याला मशीनमध्ये नाव नाही,
नुसते आकडे.
किती वेळ बघत बसलो कुणास ठाऊक.
मग एका भाऊंचा वीस फुटी फ्लेक्स थांबवून
तो छापला, जसा होता तसा.

पहाटे शिडीवर असताना
समुद्रे सर फिरायला आले. चष्मा पुसून म्हणाले,
"प्रिंट डार्क आलीय काय रे?"
"नाही सर. बरोबर आलीय."
जुना फ्लेक्स शरोननं
जळणावर झाकला, चेहरे आत करून.

दुपारी भाऊंचा माणूस आला. "तेवढं जरा..."
म्हटलं, आहे तसं चांगलं दिसतंय.
म्हणाला, पलीकडं पण दुकान आहे.
मी एक शेड केली.

आज हन्ना स्वतःहूनच प्रार्थनेला बसली.
गुडघा, म्हैस, कुत्रं.
टेस्टमध्ये सतरा मिळाले, त्याचे आभार.
मग आमेनच्या आधी ती थांबली,
मशीनमधून फूटभर कापड पुढं सरकावं
एवढा वेळ.
तेवढ्यात तिनं काही मागितलं
की मागितलेलं परत घेतलं,
मला ऐकू आलं नाही.